दोन नोरा

माझ्या विहीणबाई मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला राहतात. त्यांच्या घरी जिन्याच्या पायथ्याशी, भिंतीवर एक जन्मदाखला काचेत बसवून लावलेला होता. स्किबरीन नोंदणी जिल्हा, काउंटी कॉर्क, ६ डिसेंबर १८६५. मुलीचं नाव होनोरा, वडिलांचं जॉन, आईचं मेरी. ही होनोरा म्हणजे विहीणबाईंच्या आजीची आई. घरात सगळे तिला नोरा म्हणतात. लेकीच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा त्या घरी गेले, तेव्हा विहीणबाईंनी आधी मला हा दाखला दाखवला आणि मग चहाचं विचारलं. तीस वर्षं तो त्या खिळ्यावर होता.

हा दाखला दुसऱ्याच कुणाचा तरी असावा, अशी शंका माझ्या लेकीनं काढली. आमचा आयर्लंडचा प्रवास घडला तो त्या शंकेपायी.

आधी नोराचे कागद सांगते, म्हणजे घोळ ध्यानात येईल. थडग्याच्या दगडावर १८६६ ते १९३१ असं कोरलेलं आहे. अमेरिकेच्या १९०० सालच्या जनगणनेत जन्माचा महिना आणि साल दोन्ही विचारत. तिथं नोरानं डिसेंबर १८६६ सांगितलं, आणि अमेरिकेत आल्याचं साल १८८५. दहा वर्षांनी पुन्हा गणना झाली तेव्हा वय ४२, म्हणजे आणखी एक वर्ष गळालं, आणि येण्याचं साल झालं १८८३. लग्न १८८९ चं. त्या नोंदीत ती २२ वर्षांची आणि नवरा २३ वर्षांचा. मृत्यूच्या दाखल्यावर तिच्या आईचं माहेरचं आडनाव लिहिलेलं आहे, पण ते निघालं नोराच्या सासूचं. माहिती देणारा जावई होता. घरात नुकतंच माणूस गेलेलं, समोर कारकून प्रश्न विचारतोय, आणि त्यानं सासूच्या आईऐवजी सासूच्या सासूचं नाव सांगून टाकलं. जन्मस्थळाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द: आयर्लंड.

घरातल्या आठवणींची तऱ्हा आणखी वेगळी. नोरा केरी काउंटीची, असं एक मावशी सांगायची. नोरा दुष्काळात निघाली, असं सगळेच सांगायचे. पण बटाट्याच्या पिकावर करपा पडून झालेला आयर्लंडचा तो महादुष्काळ १८४५ ते १८५२ मधला. त्यात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ साली सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ साली साधारण ६५ लाखांवर आली. नोरा त्यानंतर दहा-बारा वर्षांनी जन्मलेली. दुष्काळ तिच्या आईबापांनी पाहिला होता. तिनं त्याच्या गोष्टी ऐकल्या, आपल्या मुलांना सांगितल्या, आणि दोन पिढ्यांनंतर ऐकलेलं ते सोसलेलं झालं.

हे सगळं ऐकताना मला नवल वाटलं नाही. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या वर्गातल्या कितीतरी मुलांची तीच होती. गुरुजींनी मूल पाहिलं, अंदाज केला आणि शाळेत घेता येईल अशी तारीख लिहिली. आजी मात्र सांगायची की हा पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला. दोन्हींतलं खोटं काय म्हणायचं? कागद हातात घेतला की तो कुणी सांगितला, कुणासमोर सांगितला आणि तेव्हा त्या माणसाला काय हवं होतं, हे विचारावं लागतं. नोराचा नवरा तिच्याहून लहान असेल तर लग्नाच्या वेळी वय कमी सांगण्याला कारण होतं. पुढं तेच वय जन्मभर सांभाळावं लागलं.

लेकीची शंका एका फोटोवरून निघाली. फोटोत विशीतली एक मुलगी आणि मागं पेन्सिलीनं एवढंच: ‘भाची, १९०९.’ नोराच्या काळातल्या बोटींच्या याद्या फार त्रोटक होत्या. नाव, वय, धंदा, देश, बस्स. पुढं रकाने वाढत गेले. कुणाकडे जाणार ते विचारू लागले, आणि १९०७ च्या कायद्यानंतर तर मायदेशी मागं राहिलेल्या जवळच्या नातलगाचं नाव आणि पत्ताही लिहून घेऊ लागले. म्हणून पणजीचा माग लागत नसेल तर तिच्यामागून आलेल्या बहिणीचा, भावाचा, भाचीचा घ्यायचा. लेकीनं या भाचीची बोट शोधली. क्वीन्सटाउन ते बॉस्टन. जाणार कुणाकडे, तर आत्या, नोरा, वुस्टरचा पत्ता. मागं कोण, तर वडील डॅनियल, आणि पुढं एका वाडीचं नाव.

वाडी हा माझा शब्द. आयर्लंडमध्ये स्वतःचं नाव असलेला जमिनीचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे टाउनलँड. नावात टाउन असलं तरी त्यात गाव असेलच असं नाही. सरासरी सव्वातीनशे एकरांचा तुकडा, चार-पाच घरं, कधी एकही नाही. असे साठ हजारांवर तुकडे त्या बेटावर आहेत आणि बहुतेकांना जुनं गेलिक नाव आहे. माणूस कुठला, याचं खरं उत्तर ही वाडी. ती कळली नाही तर काउंटी कळून काही उपयोग नाही, कारण एकाच काउंटीत एकाच नावा-आडनावाच्या पन्नास बाया निघतात.

भाचीच्या यादीतली वाडी एक होती आणि भिंतीवरच्या दाखल्यातली दुसरी. नकाशावर दोन्ही शेजारी शेजारी, मध्ये फक्त एक ओहोळ. विहीणबाई कितीतरी वेळ नकाशाकडे पाहत राहिल्या. “शेजारीच तर आहे,” त्या म्हणाल्या. “घर बदललं असेल.” पण त्यांचा आवाज उतरला होता. आठवड्याभरानं त्यांनी फोन केला. “ताई, तुम्ही याल का माझ्याबरोबर?” माझा जावई घरी मला आई म्हणतो, पण नाशिकचे पाहुणे मला ताई म्हणताना त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी तेच उचललं.

डब्लिनला लिफी नदीच्या काठी फोर कोर्ट्सची इमारत आहे. हिरवा पडलेला तांब्याचा घुमट, पुढं खांब, आत आजही न्यायालयं चालतात. आम्ही पलीकडच्या काठावर उभ्या राहून ती पाहिली. तिच्याच आवारात देशाचा दप्तरखाना होता. ब्रिटनशी झालेल्या तहावरून १९२२ साली आयरिश माणसं आपसांत लढायला उठली. तहाविरुद्ध असलेल्यांनी ही इमारत ताब्यात घेतली होती. २८ जूनला नव्या सरकारच्या तोफा सुरू झाल्या, ३० जूनला प्रचंड स्फोट झाला आणि दप्तरखान्याला आग लागली. शतकानुशतकांचे कागद जळून गेले, आणि अर्धवट जळलेली पानं शहराच्या रस्त्यांवर येऊन पडली. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ च्या जनगणनांचे घरोघरचे तक्ते त्यात गेले. थोडे तुकडे तेवढे वाचले. १८६१ आणि १८७१ चे तक्ते सरकारनंच बेरजा झाल्यावर नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत लगदा करायला गेले. म्हणून आयर्लंडची संपूर्ण हाती लागणारी पहिली जनगणना १९०१ ची. नोरा तर त्याच्या कितीतरी आधी देश सोडून गेली होती.

अमेरिकेतही तिच्या वाट्याला असंच आलं. तिथली १८९० ची जनगणना वॉशिंग्टनमध्ये जानेवारी १९२१ च्या आगीत सापडली आणि जवळजवळ सगळी हातची गेली. एकाच बाईच्या तरुणपणाचे कागद दोन देशांत दीड वर्षाच्या अंतरानं जळले.

वाचलं ते चर्चच्या खोल्यांत पडून राहिलेलं. सरकारमान्य प्रॉटेस्टंट चर्चच्या बऱ्याच नोंदवह्या सांभाळण्यासाठी म्हणून त्या दप्तरखान्यात आणून ठेवल्या होत्या, त्या जळाल्या. कॅथलिकांच्या वह्यांना सरकारनं कधी विचारलंच नाही. त्या आपापल्या गावच्या पाद्र्याच्या कपाटात राहिल्या, आणि आज करोडो गरीब माणसांचा पत्ता त्यांच्यातूनच लागतो. पुढं किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं त्यांच्या फिल्मा केल्या आणि २०१५ साली, साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांची छायाचित्रं फुकट पाहण्यासाठी इंटरनेटवर खुली केली. जळालेल्या दप्तरखान्याचंही काम चालू आहे. जगभरातल्या संग्रहांत असलेल्या नकला आणि उतारे जमवून तो संगणकावर पुन्हा उभारायचा प्रकल्प ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकारानं झाला आणि स्फोटाला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०२२ च्या जूनमध्ये, तो लोकांसाठी उघडला.

ग्रंथालयात वंशावळ शोधणाऱ्यांना सल्ला देणारी माणसं बसतात. पैसे पडत नाहीत. आमच्या वाट्याला एक पोक्त बाई आल्या. त्यांनी भिंतीवरच्या दाखल्याची नक्कल पाहिली, मग चर्चची वही पडद्यावर उघडली आणि बोट ठेवलं. याच होनोराचा बाप्तिस्मा १९ नोव्हेंबर १८६५ ला झाला होता. जन्म ६ डिसेंबरला. मी दोनदा वाचलं. जन्माच्या आधी बाप्तिस्मा!

“हे नेहमीचंच आहे,” त्या म्हणाल्या. आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. मुदतीत नोंद केली नाही तर दंड. शेतावरून रजिस्ट्रारच्या गावी जायला दिवस मोडायचा, मग उशीर झालेला बाप जन्मतारीखच पुढं ढकलून सांगायचा. बाप्तिस्मा मात्र एक-दोन दिवसांत व्हायचा, कारण बाळ जगेल न जगेल याची धास्ती असायची. तेव्हा दोन्ही तारखांत भांडण लागलं तर पाद्र्याचं ऐकायचं.

म्हणजे भिंतीवरचा ६ डिसेंबर मुळात डिसेंबरच नव्हता. नोरानं १९०० साली सांगितलेल्या डिसेंबरशी तो जुळतो म्हणून तर तीस वर्षांपूर्वी घरानं तो दाखला निवडला होता.

त्या रात्री राहत्या खोलीत आम्ही १९०१ आणि १९११ चे तक्ते उघडले. हे तर घरबसल्या कुणालाही फुकट पाहता येतात. प्रत्येक घराचा मूळ कागद, घरच्या कर्त्याच्या सहीचा किंवा सही येत नसेल तर फुलीचा. नाव, नातं, धर्म, वाचता-लिहिता येतं का, आयरिश भाषा येते का. भाचीच्या वाडीत डॅनियलचं घर सापडलं. घरात त्याची म्हातारी आई होती, मेरी, विधवा, आयरिश आणि इंग्रजी दोन्ही बोलणारी. १९०१ साली तिचं वय ६०. १९११ साली ७५.

दहा वर्षांत बाई पंधरा वर्षांनी वाढली होती, आणि एकटी तीच नाही. त्या वाडीत, शेजारच्या वाडीत, साऱ्या देशात म्हातारी माणसं अशी भराभर वाढली. १९०८ साली म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला आणि जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना दर आठवड्याला पैसे मिळू लागले. जन्माचा दाखला कुणाकडेच नव्हता. सरकारी नोंद सुरू व्हायच्या कितीतरी आधीची ही माणसं. मग आपण सत्तरीचे आहोत हे १९११ च्या कागदातही दिसायला हवं होतं. दुष्काळात लेकरू म्हणून जगून निघालेल्या बाईनं म्हातारपणी पाच वर्षं वाढवून सांगितली, याचं मला वाईट वाटलं नाही. तिची लेक अमेरिकेत वर्षं लपवत होती आणि आई इथं वाढवत होती. दोघींनाही पोटाला जे हवं होतं ते त्या सांगत होत्या.

पण त्या कागदावर याहून मोलाचं काही होतं. १९११ च्या तक्त्यात लग्न झालेल्या बायकांना नवा प्रश्न होता: किती मुलं जिवंत जन्मली आणि आज किती हयात आहेत. विधवांनी त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं. मेरीनं दिलं होतं. आठ आणि पाच. नंतर तपासणाऱ्यानं त्यावर शाईची एक आडवी रेघ मारली, कारण रकाना तिच्यासाठी नव्हता. रेघ बारीक आहे. खालचे आकडे स्वच्छ वाचता येतात. विहीणबाईंनी पडदा मोठा करून करून पाहिला, आणि वहीत लिहिलं: आठ, पाच.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनहून कॉर्कला गाडी अडीच-तीन तासांत पोचते. तिथून कोव्हला लहान गाडी जाते, रूळ जवळजवळ पाण्यावरून गेल्यासारखे. क्वीन्सटाउन म्हणजे हेच कोव्ह. १८४९ साली राणी व्हिक्टोरिया आली म्हणून नाव बदललं, आणि स्वातंत्र्याच्या लढाईच्या दिवसांत गावानं जुनं नाव परत घेतलं. इथून सुमारे २५ लाख माणसं देश सोडून गेली असं तिथं सांगतात. मोठ्या बोटी बंदराच्या तोंडाशी नांगरून उभ्या राहायच्या आणि माणसांना लहान नावांतून तिथं नेत. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक शेवटची थांबली तीही इथंच, आणि १२३ उतारू तिच्यावर चढले. गावी, निघायच्या आदल्या रात्री, मयताच्या घरी बसतात तसं सगळे रात्रभर बसायचे. नाच व्हायचा, रडणं व्हायचं. पोर जिवंत असायची, पण पुन्हा दिसायची नाही.

धक्क्यावर तिघांचा पुतळा आहे. एक मुलगी आणि तिचे दोन धाकटे भाऊ. मुलगी बंदराकडे न पाहता मागं वळलेली. ही ॲनी मूर, कॉर्कची, २० डिसेंबर १८९१ ला भाऊ ॲन्थनी आणि फिलिप यांना घेऊन नेव्हाडा बोटीनं निघालेली. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड हे स्थलांतरितांचं ठाणं उघडलं, तेव्हा तिथून आत गेलेली पहिली स्थलांतरित हीच. तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं दिलं गेलं. आज तिचा पंधरावा वाढदिवस, असं वर्तमानपत्रांनी छापलं. बोटीच्या यादीत तिचं वय १३ आहे. प्रत्यक्षात ती १७ वर्षांची होती.

इतक्यावर भागलं नाही. पुढं कित्येक दशकं लोक समजत राहिले की ही ॲनी पश्चिमेकडे गेली आणि टेक्सासमध्ये ट्रामखाली सापडून मेली. त्या बाईचे वंशज समारंभांना बोलावले जात. मेगन स्मोलेन्याक या वंशावळ-संशोधिकेनं कागद तपासले तेव्हा दिसलं की टेक्सासची ॲनी मूर इलिनॉयमध्ये जन्मलेली, म्हणजे स्थलांतरित नव्हतीच. २००६ साली खरी ॲनी सापडली, तीही भाऊ फिलिपच्या नागरिकत्वाच्या कागदावरून. ती न्यूयॉर्क सोडून कुठं गेलीच नव्हती. दक्षिण टोकाच्या गरीब वस्तीत तिनं संसार केला, पुष्कळ मुलं झाली, कित्येक लहानपणीच गेली, आणि १९२४ साली ती वारली. क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या जागेवर नावाचा दगडही नव्हता. तो २००८ साली बसला, आयर्लंडहून नेलेल्या निळसर चुनखडीचा.

मी हे सांगत होते आणि विहीणबाई पुतळ्याच्या हातावर हात ठेवून उभ्या होत्या. “त्या टेक्सासच्या बाईचं काय?” त्यांनी विचारलं. “इतकी वर्षं तिला मान दिला आणि मग काढून घेतला.” मला उत्तर सुचलं नाही.

कॉर्कहून स्किबरीनला बस जाते. बँडन, क्लोनाकिल्टी, रॉसकारबरी, आणि दोन्हीकडं दगडी बांध आणि त्यावर माजलेली फुशिया. स्किबरीन हे नाव आयर्लंडमध्ये दुष्काळाचं दुसरं नाव आहे. १८४७ च्या फेब्रुवारीत जेम्स महनी या चित्रकारानं इथं फिरून काढलेली चित्रं लंडनच्या साप्ताहिकात छापली गेली, तेव्हा इंग्लंडनं हा दुष्काळ पाहिला. गावाबाहेर, आयलेन नदीच्या काठी ॲबीस्ट्रूरीची दफनभूमी आहे. वर जुन्या चर्चची भिंत, खाली गवताचा एक सपाट तुकडा. कापलेलं, हिरवंगार गवत. त्याखाली आठ ते दहा हजार माणसं आहेत, पेटीविना, नावाविना. आम्ही कडेकडेनं चाललो. पाय ठेवणार कुठं? नोराच्या आईबापांचे आईबाप, भावंडं यांच्यातलं कुणी इथं असेल तर ते कळण्याला काहीच वाट नाही. सगळ्यात जुना धागा ज्या जागी तुटतो ती जागा आम्ही पाहत होतो. विहीणबाई नदीकडे तोंड करून बराच वेळ प्रार्थना पुटपुटत राहिल्या. मी हात जोडले.

गावात, जुन्या गॅस कारखान्याच्या इमारतीत हेरिटेज सेंटर आहे. दुष्काळाचं प्रदर्शन आहेच, पण आसपासच्या कुटुंबांची माहितीही तिथली माणसं फार जीव लावून देतात. आम्ही वही उघडली: डॅनियल, आई मेरी, आठ मुलं. टेबलामागच्या बाईंनी डोकं हलवलं. त्या दोन्ही वाड्यांत, म्हणाल्या, एकाच आडनावाची दोन घरं होती. दोन्हीकडे कर्ता जॉन, दोन्हीकडे त्याची बायको मेरी.

असं का, तेही त्यांनी सांगितलं. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. सगळे पाळतच असं नाही, पण बरेच पाळत. मग एका आजीची चार नातवंडं आणि दोन चुलत घरं असली, की सगळ्यांच्या अंगणात एकेक होनोरा. डीएनए चाचणीनंही हा गुंता सुटला नसता. दोन्ही घरं एकाच मुळाची, त्यामुळे दोन्हीकडचे नातलग जुळलेले दिसतात.

तोड होती आईच्या माहेरच्या आडनावात. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदीत ते लिहीत, आणि हा त्या वह्यांचा मोठा उपकार. पडद्यावर वहीचं पान आलं. पिवळं पडलेलं, एका कडेला पाण्याचा डाग, लॅटिनमधली घाईची अक्षरं. लॅटिनला विभक्ती आहेत, मराठीसारख्याच. होनोरा तिथं ‘होनोराम’ होते, म्हणजे होनोरेला. जॉन ‘जोआनिस’ होतो, म्हणजे जॉनची. मला होनोरेला बाप्तिस्मा दिला, जॉनची आणि मेरीची औरस कन्या, हे वाचता आलं आणि फार आनंद झाला. शेवटी साक्षीला दोन नावं, बाळाच्या धर्मपित्याचं आणि धर्ममातेचं.

त्या बाईंनी कागदाचे दोन भाग केले. एका मेरीचं माहेरचं आडनाव डावीकडं, दुसरीचं उजवीकडं. पान उलटत एकेक बाप्तिस्मा खाली मांडू लागल्या. उजवीकडं १८६५ ची होनोरा, भिंतीवरची, आणि तिची चार भावंडं. त्यांत डॅनियल नाही. डावीकडं १८६१ ला डॅनियल. मग होनोरा, १ जानेवारी १८६३. मग आणखी. शेवटचं मूल १८७९ चं. विहीणबाई बोटांनी मोजत होत्या. आठ.

काही वेळ कुणी बोललं नाही. मग मी तारखेकडे पुन्हा पाहिलं. बाप्तिस्मा एक जानेवारीचा, म्हणजे जन्म एक-दोन दिवस आधीचा, डिसेंबर १८६२ चा. नोरानं वर्षं चार लपवली होती, पण महिना खरा सांगितला होता. जनगणनेच्या माणसासमोर, दारात उभं राहून, तिनं डिसेंबर सांगितलं, आणि तो डिसेंबरच होता. विहीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे टिपले.

तीन मैलांवर वाडी होती. आम्ही टॅक्सीनं गेलो. ग्रिफिथच्या मूल्यांकनाची नक्कल बरोबर होती. १८४७ ते १८६४ मध्ये सर रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली साऱ्या देशातल्या जमिनी आणि घरं मोजून त्यांवर आकारणी ठरवली गेली. कोण कसतो, मालक कोण, क्षेत्र किती, किंमत किती. पुढं मालकी बदलली की त्या वह्यांत जुनं नाव खोडून नवं नाव वेगळ्या रंगाच्या शाईनं लिहीत गेले. सातबारा आणि फेरफार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चटकन कळेल. आमच्या नकलेत नोराच्या आजोबांचं नाव होतं, त्यापुढं कंसात एक जास्तीचा शब्द, ‘रुआ’. हा काय शब्द, ते आम्हाला कळलं नव्हतं.

रस्त्याच्या वळणावर एक म्हातारे शेतकरी फाटक लावत होते. विहीणबाईंनी आडनाव सांगितलं. त्यांनी आमच्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, “बॉन की रुआ?”

बॉन म्हणजे फिकट केसांचे, रुआ म्हणजे तांबड्या केसांचे. एकाच आडनावाची दोन घरं ओळखायची कशी, तर केसांच्या रंगावरून, कुणी केव्हा तरी पाडलेल्या नावानं. आमच्याकडं नाही का, वरच्या आळीचे आणि खालच्या आळीचे, तसंच. शंभर वर्षांनंतर तिथं ना कुणी बॉन उरलं होतं ना रुआ, पण वाडीच्या तोंडात दोन्ही नावं वेगळी राहिली होती. ग्रंथालयात, पडद्यावर, वह्यांत आम्ही जे महिनोन्‌महिने सोडवत होतो, ते त्यांनी दोन शब्दांत विचारलं. “रुआ,” विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या पांढऱ्या झालेल्या केसांना हात लावला. पूर्वी ते तांबूस होते.

म्हाताऱ्यांनी काठीनं दाखवलं. ओहोळाच्या अलीकडं, खाजकुयलीसारखी आग करणाऱ्या पानांच्या झुडपात, दगडाच्या दोन भिंती. छप्पर नाही. चुलीची जागा अजून काळी, तिच्यावरचा आडवा दगड जागच्या जागी. आठ मुलं त्या खोलीत जन्मली. विहीणबाई आत गेल्या आणि त्या दगडाला टेकून उभ्या राहिल्या. दारातून ओहोळ दिसत होता, आणि पलीकडं दुसरी वाडी, दुसऱ्या नोराची, जिथं आता नुसतं गवत.

म्हाताऱ्यांनी घरी नेलं, चहा दिला, जाड खारट लोणी लावलेला काळपट सोडा ब्रेड दिला. पलीकडच्या घरातली नोरा कुठं गेली ते त्यांना ठाऊक नव्हतं. १९०१ च्या तक्त्यात त्या घरी ती नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसआधी विहीणबाई पुन्हा हेरिटेज सेंटरमध्ये गेल्या. थडग्याच्या दगडावरचं १८६६ बदलायचं नाही, हे त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. ते साल नोरानं स्वतः निवडलेलं, ते तिचंच. त्यांनी पिशवीतून भिंतीवरच्या दाखल्याची नक्कल काढली, उलटी केली आणि मागं आपलं नाव, वुस्टरचा पत्ता आणि फोन नंबर लिहिला. टेबलामागच्या बाईंना म्हणाल्या, “ही बॉनांची नोरा. हिला शोधत कुणी आलं तर त्यांना सांगा, तिचा दाखला माझ्याकडं काचेत नीट ठेवलेला आहे. त्यांना देईन.”